इरासीबाईंचे डोके

इरासीबाईंचे नाक बैलासारखे आहे, असे म्हणायची हिंमत लादेरा वस्तीच्या अख्ख्या चढावर कुणाच्यात नव्हती. तसे म्हणाल्या त्या स्वतः इरासीबाईच. अर्थात त्या आपल्या चेहऱ्यावरच्या नाकाबद्दल बोलत नव्हत्या. कार्निव्हलच्या रथासाठी एवांद्रोने थर्माकोल आणि कागदाच्या लगद्यातून त्यांचे खोलीएवढे डोके घडवले होते, त्यावरच्या नाकाबद्दल बोलत होत्या.

"हे माझं नाक नाही," शेडमध्ये कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या. "हे कुठल्या तरी बैलाचं आहे."

एवांद्रो म्हणजे लादेराच्या सांबा शाळेचा, म्हणजे कार्निव्हलच्या मिरवणुकीत नाचत-गात उतरणाऱ्या वस्तीच्या मंडळाचा, कलावंत. रथ, पोशाख, रंग, पिसे सगळे त्याच्या डोक्यातून निघायचे, आणि कुणी नाव ठेवले की तो गळ्यातला रुमाल सोडून पुन्हा बांधायचा. त्याने रुमाल सोडला. लांबून बघायचं असतं बाई हे, असे त्याने परोपरीने सांगितले. मग मी लांबच राहते, असे म्हणून इरासीबाईंनी रथावर बसायला साफ नकार दिला. दरवर्षीप्रमाणे घेरदार पांढरा झगा घालून म्हाताऱ्या बायकांच्या तुकडीत गिरक्या घेत चालेन, पण त्या नाकाखाली बसणार नाही, म्हणाल्या.

हे सगळे त्यांचा जावई वाल्देमिर रथाखाली उताणा पडून ऐकत होता. रथांचे सगळे लोखंडकाम त्याचे. वर्षभर तो बस डेपोत वेल्डिंग करायचा आणि उरलेल्या वेळात शाळेच्या रथांचे. सासूबाई आल्या की त्याला हमखास रथाखाली काही तरी तपासायचे आठवायचे.

कारण वाल्देमिर पडला ब्रेजिन्योचा. रेल्वे रुळांच्या पलीकडचे ब्रेजिन्यो, म्हणजे लादेराचे जन्माचे वैरी. त्यांच्या झेंड्यावर बैल, त्यांच्या ढोलांवर बैल. तिथला मुलगा रोझांजेलाने नवरा म्हणून घरी आणला, तेव्हा इरासीबाईंनी जेवणाचे ताट वाढले पण त्याचे नाव उच्चारले नाही. दोन नातवंडे झाली तरी तो त्यांच्या तोंडी "ब्रेजिन्योचा"च राहिला. ब्रेजिन्योच्याला म्हणावं, कॉफी झालीय. ब्रेजिन्योच्याला म्हणावं, नळ गळतोय. वाल्देमिर नळ दुरुस्त करून द्यायचा आणि गप्प बसायचा. त्याला आतून फार वाटायचे की या बाईने एकदा तरी आपल्याला आपले म्हणावे. पण वाटून काय होते, बाई इरासी होती.

त्या वर्षी तर शाळेच्या जिवावरच बेतले होते. लादेरा सगळ्यात खालच्या गटात, त्यातही गेल्या वर्षी तळाशी. पुन्हा तळाला गेले की एक वर्ष मिरवणुकीतून बाहेर, आणि गरीब शाळा एक वर्ष घरी बसली की पुन्हा उठत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून अध्यक्ष जुरांदिरने हुकमाचे पान काढले. यंदाचा विषय खुद्द इरासीबाई. चढावरच्या दगडांवर जन्मभर लोकांचे कपडे धुणाऱ्या, धुता धुता गाणी रचणाऱ्या, एका जुन्या चादरीचा झेंडा शिवून ही शाळा उभी करणाऱ्या इरासीबाई. मुख्य रथावर तीन मजली धोबीण, तिचे दोन्ही हात भल्या थोरल्या टबात, टबात साबणाचा फेस, आणि सगळ्यात वर ते डोके. गाण्याचे पालुपद पोरांच्या तोंडी बसले होते: "धू ग इरासी, धू, आमचं आभाळ धू."

आता, शेड होते एकच आणि शाळा दोन. भाडे परवडत नाही म्हणून लादेरा आणि ब्रेजिन्यो एकाच गोदामात रथ बांधायचे, मधे पडदा. पडद्यापलीकडे वाल्देमिरचा धाकटा भाऊ आदिल्सन लोखंडकाम करायचा. ब्रेजिन्योने यंदा चंद्र गिळणाऱ्या बैलाची गोष्ट घेतली होती, हे सगळ्या उपनगराला माहीत होते, पण रथ रस्त्यावर येईपर्यंत कुणी कुणाचे बघायचे नाही, ही दोन्हीकडची शपथ होती. भाऊ असले तरी वाल्देमिर आणि आदिल्सन जेवणाच्या डब्याखेरीज कशाबद्दल बोलत नसत.

शेडपासून मिरवणुकीच्या रस्त्यापर्यंत जाताना रेल्वेचा पूल आडवा येतो. त्याखालून धोबीणही जात नव्हती आणि बैलही जात नव्हता. तेव्हा दोन्ही डोकी धडावरून उतरवायची, ताडपत्रीत गुंडाळायची, वेगळ्या ट्रकवर न्यायची आणि तिकडे क्रेनने बसवायची, असे ठरले. ताडपत्री दोघा भावांनी मिळून एकच आणली आणि निम्मी निम्मी कापली. बैलाची शिंगे वेगळी बांधलेली होती. त्यामुळे शेडच्या दाराशी निळ्या ताडपत्रीतली दोन गाठोडी शेजारी शेजारी उभी राहिली, जुळी असल्यासारखी. आपले डावीकडचे, हे वाल्देमिरला पक्के ठाऊक होते, कारण त्यानेच ते तिथे ठेवले होते. मधल्या वेळात ब्रेजिन्योच्या पोरांनी आपला चंद्र बाहेर काढण्यासाठी दोन्ही गाठोडी सरकवली, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. उघडून बघायचा प्रश्नच नव्हता. ताडपत्रीला हात लावला तर हात तोडीन, असे एवांद्रो दोनदा म्हणून गेला होता.

रविवारी लादेराचा नंबर पहिला होता. उजेड असतानाच निघायचे, लोक अजून पॉपकॉर्न घेताहेत, परीक्षकांचे हात अजून आखडलेले. पहिला नंबर कुणालाच नको असतो. रस्त्याच्या तोंडाशी लादेराची माणसे जमली होती. कुणाच्या पाठीवर साबणाचे बुडबुडे, कुणाच्या डोक्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे. ढोलवाले हात मोकळे करत होते. क्रेन आली, गाठोडे उचलले, धोबिणीच्या मानेवर तरंगत आणले आणि एवांद्रोने स्वतःच्या हाताने दोरी ओढली. ताडपत्री खाली आली.

क्षणभर कुणालाच काही वेगळे वाटले नाही. रुंद नाक, फुगलेल्या नाकपुड्या. जुरांदिरने तर टाळीही वाजवली. मग सूर्य त्या नाकात अडकवलेल्या पितळी कड्यावर चमकला, आणि टाळी वाजता वाजता थांबली.

"मी म्हटलं नव्हतं?" गर्दीतून इरासीबाईंचा आवाज आला. "बैलाचं आहे म्हणून?"

पुढचा गोंधळ सांगण्यात अर्थ नाही. एवांद्रो फुटपाथवर बसला आणि त्याने रुमाल डोळ्यांवर बांधून घेतला. क्रेनवाल्याने ओरडून विचारले की हे कुठे ठेवू, पहिला भोंगा झाला की क्रेन रस्त्याबाहेर गेली पाहिजे, नाही तर तुमचेच गुण कापतील. धोबिणीच्या मानेचे बोल्ट बैलाच्या मानेला लागत नव्हते. कुणी म्हणे खाली ठेव, पण खाली माणसे. तेवढ्यात भोंगा झाला. क्रेनवाल्याला समोर जी सपाट जागा दिसली तिथे त्याने बैल उतरवला, हूक सोडवला आणि तो निघून गेला. ती सपाट जागा म्हणजे धोबिणीचा टब. बैल फेसात हनुवटीपर्यंत बसला आणि शांतपणे रस्त्याकडे बघू लागला.

वाल्देमिरचा फोन वाजला. आदिल्सन होता.

"दादा, तुझी सासू आमच्याकडे आहे."

"सासू इथं माझ्या पुढ्यात उभी आहे."

"अरे, डोकं तिचं. आत्ता ताडपत्री फाटली तेव्हा दिसलं. आमची पोरं घाबरली ना."

"लगेच घेऊन ये."

"कसा येऊ? पुलाखाली ट्रक अडकलाय, मागे सगळं ट्रॅफिक. तुमची मिरवणूक सुटेपर्यंत काही पोचत नाही. आणि दादा, आमचा बैल नीट ठेव हं. कड्याला नवीन पॉलिश केलंय."

वाल्देमिरने फोन खिशात टाकला आणि वर बघितले, तर सगळी लादेरा त्याच्याकडे बघत होती. भावाशी बोललेला शब्द न् शब्द सगळ्यांनी ऐकला होता. डोके वाल्देमिरने उतरवले, वाल्देमिरने गुंडाळले, वाल्देमिरने ट्रकवर चढवले, आणि ज्यांचा बैल निघाला तिथला हा जन्मलेला. जुरांदिर तसा सभ्य माणूस. तो एवढेच म्हणाला की, वाल्देमिर, माझा तुझ्यावर विश्वास आहे, पण आत्ता तू इथून जरा बाजूला हो. मागून कुणी तरी त्याहून कमी सभ्य बोलले. रोझांजेला त्या माणसाला शोधायला गर्दीत शिरली.

वाल्देमिरला रडू फुटायचे बाकी होते. वर्षभर रात्रपाळी करून ज्या शाळेसाठी हाडे झिजवली तिला आपणच बुडवले, हे एक. आणि सासूबाई आता काय म्हणणार, हे दुसरे. दुसऱ्याची भीती जास्त होती.

इरासीबाई झग्याचा घेर दोन्ही हातांनी सावरत रथापाशी आल्या. लोक बाजूला झाले, कारण त्या घेराला रस्ता द्यावाच लागतो. त्यांनी टबातला बैल बघितला. मग मान वर करून, जिथे आपले डोके असायला हवे होते त्या भोकाकडे बघितले. भोकातून एक लोखंडी खांब वर आला होता.

"तो खांब कुणी जोडलाय?" त्यांनी विचारले.

"मी," वाल्देमिर म्हणाला.

"माणूस पेलेल?"

"ते अख्खं डोकं पेलणार होता, सासूबाई. आतून शिडी आहे, वर उभं राहायला फळीही आहे. मी स्वतः उभा राहिलोय."

"तुझ्या पोरांना उभं करशील?"

वाल्देमिरने खांबाकडे बघितले. त्यातला एकेक जोड त्याला पाठ होता. "करीन," तो म्हणाला.

"मग माझा झगा घे आणि मागून चढ," इरासीबाई म्हणाल्या आणि सगळ्यांसमोर त्यांनी झग्याची नाडी सोडली.

जुरांदिर हात जोडून आडवा आला. बाई, तुमचं वय, बाई, तो बैल, बाई, परीक्षक काय म्हणतील. आत विजार घातलेल्या इरासीबाई रथाच्या पोटातल्या दारात एक पाय ठेवून उभ्या राहिल्या आणि अध्यक्षाकडे वळल्या.

"जुरांदिर, ब्रेजिन्योवाल्यांचे कपडे मी वीस वर्षं धुतलेत. चड्ड्यांसकट. आज त्यांचा बैल धुते, त्यात काय मोठंसं?"

एवांद्रोने डोळ्यांवरचा रुमाल हळूच वर केला. आणि मग तोच पहिला उठला, आणि ओरडत सुटला की अजून फेस आणा, कानांवर फेस, नाकावर फेस, ब्रश कुठाय, लांब दांड्याचा ब्रश आणा. रस्ता झाडणाऱ्या एका माणसाच्या हातातला ब्रश त्याने जवळजवळ हिसकावूनच घेतला.

शिडी अरुंद. पुढे ब्रश काखेत धरलेल्या इरासीबाई, मागे टोपलीसारखा झगा डोक्यावर घेतलेला वाल्देमिर. वर पोचल्यावर त्याने आपला वेल्डिंगचा पट्टा काढून त्यांना खांबाशी कमरेला बांधले. मग झगा त्यांच्या डोक्यावरून घातला. घेर धोबिणीच्या खांद्यांवर चारी बाजूंनी पसरला आणि भोक झाकले गेले. झाकले ते वाल्देमिरसकट. खाली उतरायला वेळ नव्हता, शेवटचा भोंगा झाला होता. तो शिडीवर अंधारात उभा राहिला आणि सासूबाईंचे दोन्ही पाय त्याने घट्ट धरले.

अशा रीतीने, ज्या मिरवणुकीबद्दल लादेराचे लोक अजून बोलतात, ती वाल्देमिरने पाहिलीच नाही. त्याने ती सगळी सासूबाईंचे पाय धरून ऐकली.

आधी ढोल ऐकू आले. मग रथ ढकलणाऱ्यांचे हुंकार. मग रथ हलला आणि इरासीबाईंची पावले थरथरली, तशी त्याने पकड आणखी घट्ट केली. वरून एक टाच त्याच्या बोटांवर आपटली.

"सैल सोड. नाचायचंय मला."

"सासूबाई, तीन मजले आहेत."

"माहीत आहे. मीच आहे ना तिसऱ्यावर."

रस्त्याच्या सुरुवातीला हशा पिकला. एवढ्या प्रचंड बाईच्या खांद्यावर लिंबाएवढे डोके, लोक हसणारच. मग हशा थांबला. त्याला वाटले, संपले. पण वरून इरासीबाईंचा आवाज आला, दगडावर कापड आपटावे तसा कोरडा आणि स्वच्छ. त्या आपलेच गाणे गात होत्या आणि लांब दांड्याचा ब्रश बैलाच्या कपाळावर घसाघसा फिरवत होत्या. कुणी तरी ओरडले, "अरे, ब्रेजिन्योचा बैल धुतेय म्हातारी." तिथून ते पसरत गेले. एका बाजूच्या बाकांनी पालुपद उचलले, मग दुसऱ्या बाजूच्या. धू ग इरासी, धू. वाल्देमिरच्या हातातली शिडी त्या आवाजाने गुणगुणायला लागली.

"काय चाललंय, सासूबाई?"

"उभे राहिलेत."

"कोण?"

"सगळे. तो चष्म्यातला परीक्षकसुद्धा. लिहायचं सोडून गातोय मेला." मग त्यांची टाच त्याच्या बोटांवर पुन्हा आली, पण हलकेच. "जोड चांगला केलायस."

अंधारात, घामात, पायाशी साबणाचे पाणी झिरपत असताना वाल्देमिर ढसाढसा रडला. तिथे कुणी बघायला नव्हते, ते बरेच झाले.

रस्ता संपला. रथाच्या पोटातून दोघे बाहेर आले तेव्हा अख्खी लादेरा त्यांच्यावर तुटून पडली. मघाशी कमी सभ्य बोलणारा माणूस सगळ्यांत पुढे होता, त्याचा एक कान लाल होता. रोझांजेलाला तो सापडला असावा.

आणि मग सगळे मागे वळले. कारण रस्त्याच्या त्या टोकाकडून ब्रेजिन्यो येत होते. त्यांचा ट्रक पुलाखालून सुटला होता, पण त्यांचा बैल तर लादेराच्या टबात बसून रस्त्याच्या या टोकाला आलेला. गळ्यात घंटा, चार खूर, झुलणारी शेपटी असा तो काळाभोर बैल आला, आणि त्याच्या मानेवर इरासीबाईंचे डोके होते. बोल्ट जुळेनात म्हणून आदिल्सनने ते साखळ्यांनी आवळले होते आणि शिंगे दोन्ही कानांच्या वर बसवली होती. लोकांनी ते बघितले आणि नुसता कल्लोळ झाला. त्यांना वाटले, दोन्ही शाळांनी मिळून गोष्ट रचली आहे. आधी बाईने बैल धुतला, मग ती बैलावर स्वार व्हायची सोडून बैलच झाली. ब्रेजिन्योच्या वेळीही पालुपद तेच चालले. "धू ग इरासी, धू."

लादेराच्या माणसांनी आता इरासीबाईंकडे बघायचे धाडस केले नाही. वाल्देमिर तर रथाखाली जाण्याच्या बेतात होता. इरासीबाई मान वाकडी करून तो बैल जाईपर्यंत बघत राहिल्या.

"आता नाक बरोबर दिसतंय," त्या म्हणाल्या. "आणि शिंगं शोभतात मला."

गुणांचा दिवस उजाडला तेव्हा लादेराच्या मैदानात उकडत्या पत्र्याखाली सगळे रेडिओभोवती जमले होते. रथाचे गुण आले तेव्हा निवेदकाने नुसते "दहा" म्हटले आणि पुढचे कुणालाच ऐकू आले नाही. जुरांदिर टेबलावर चढला, टेबल मोडले, तो मोडक्या टेबलावर नाचला. तळातून वाचायचे एवढेच मागणे होते, तर लादेरा पहिली आली. दुसरे ब्रेजिन्यो. दोन्ही शाळा वरच्या गटात. संध्याकाळी एवांद्रोने वार्ताहरांना सांगितले की मोठे धड आणि छोटे डोके ही कल्पना त्याला पहाटे स्वप्नात सुचली होती. ब्रेजिन्योच्या कलावंताचेही स्वप्न साधारण तेच होते.

इरासीबाई एका खुर्चीवर बसून लोकांचे मुके घेऊन घेऊन थकल्या. मग त्यांनी हाक मारली, "वाल्देमिर."

वाल्देमिरला कळेना की हाक आपल्यालाच आहे का. रोझांजेलाने त्याला पुढे ढकलले.

"कॉफी आण मला," इरासीबाई म्हणाल्या. "आणि तुलाही घे."

आदिल्सन दोनच दिवसांनी ट्रक घेऊन आला. डोक्यांची अदलाबदल झाली. बैलाला अजून साबणाचा वास येत होता आणि ब्रेजिन्योवाले म्हणे त्यावर खूश होते. प्रश्न इरासीबाईंच्या डोक्याचा होता. शेड पुढच्या वर्षासाठी रिकामे करायचे. फोडून त्यातले लोखंड परत वापरावे, असे जुरांदिर म्हणाला. वाल्देमिरने त्याच्याकडे अशा नजरेने बघितले की तो विषय तिथेच संपला. डोके वाल्देमिरच्या अंगणात आले. तोंड कुठे करायचे ते इरासीबाईंनीच ठरवले, आणि ते स्वयंपाकघराच्या खिडकीकडे केले, म्हणजे मी इथं नसले तरी लक्ष राहील, म्हणाल्या.

तेव्हापासून वाल्देमिर सकाळी खिडकी उघडतो तर समोर खोलीएवढ्या सासूबाई. रोझांजेला म्हणते, काढून टाक, कपडे वाळत घालायला जागा नाही. तो ऐकत नाही. पावसाळा तोंडावर आला तसे त्याने चार खांब रोवले, वेल्डिंग केले आणि वर पत्रा टाकला. पोरांना नाकपुडीत बसून खेळायला सावली झाली.

इरासीबाई रविवारी जेवायला आल्या, कमरेवर हात ठेवून त्यांनी खांब बघितले, पत्रा बघितला, एकेका जोडावर बोट फिरवले.

"गोठा छान बांधलास, बाळा," त्या म्हणाल्या आणि जेवायला आत गेल्या.